जुना लॅपटॉप, लिनक्स आणि न दिसणारा दुसरा स्क्रीन

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा आधार संपला. दहा-बारा वर्षांचा लॅपटॉप विंडोज ११ घेत नाही, म्हणून भंगारात घालण्यापेक्षा त्यावर लिनक्स, म्हणजे मिंट, झुबंटू किंवा डेबियनसारखी फुकट मिळणारी ऑपरेटिंग सिस्टिम, चढवलेलं बरं. मशीन सुरळीत चालतं, मराठी टायपिंग होतं, प्रिंटरही लागतो. मग ग्रामसभेला किंवा शाळेच्या कार्यक्रमाला प्रोजेक्टर जोडायची वेळ येते आणि भिंतीवर निळा चौकोन दिसतो, ‘नो सिग्नल’. किंवा चित्र येतं, पण ताणलेलं. किंवा कालपर्यंत येत होतं ते आज येत नाही.

अशा वेळी पहिला आळ लिनक्सवर येतो आणि कोणीतरी वेगळं डिस्ट्रो, म्हणजे लिनक्सचा दुसरा प्रकार, टाकून बघायला सांगतं. त्यात रात्र जाते. किनारपट्टीवरच्या जुन्या मशीनमध्ये दोष बहुतेक वेळा केबलच्या एखाद-दोन पिनांत किंवा बूटच्या ओळीत राहून गेलेल्या एका शब्दात असतो. तो कुठे आहे हे दोन मिनिटांत कळतं, फक्त योग्य जागी विचारायला हवं.

आधी लिहिण्याच्या पद्धतीबद्दल. खालच्या कमांड देवनागरीत आहेत. टर्मिनलमध्ये त्या रोमन लिपीत आणि आकडेही इंग्रजी टाकायचे. कमांडचं नाव लहान अक्षरांत, पोर्टचं नाव मात्र स्क्रीनवर दिसतं तसं मोठ्या अक्षरांत. सगळ्यात जास्त लागणारी कमांड म्हणजे स्क्रीन आणि रिझोल्यूशन दाखवणारी व बदलणारी एक्सरँडआर. अक्षरं एक्स, आर, ए, एन, डी, आर. १०२४×७६८ मधलं गुणिलेचं चिन्ह म्हणजे लहान एक्स. पर्यायाआधी दोन आडव्या रेघा, मधे जागा न सोडता.

कर्नलला स्क्रीन दिसतोय का?

डेस्कटॉपची डिस्प्ले सेटिंग उघडून त्यात शोधत बसू नका. तिथे दिसतं ते तिसऱ्या हाताने आलेलं असतं. थेट कर्नलला, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याला, विचारा. /सिस/क्लास/डीआरएम या फोल्डरमध्ये प्रत्येक पोर्टचा एक उपफोल्डर असतो: कार्ड०-व्हीजीए-१, कार्ड०-एचडीएमआय-ए-१, कार्ड०-एलव्हीडीएस-१. यातला एलव्हीडीएस म्हणजे लॅपटॉपचा स्वतःचा पॅनल. थोड्या नव्या मशीनमध्ये त्याजागी ईडीपी असतं. नव्या कर्नलवर कार्ड० ऐवजी कार्ड१ दिसलं तर बिघडलं काही नाही.

कॅट /सिस/क्लास/डीआरएम/कार्ड०-व्हीजीए-१/स्टेटस

उत्तर ‘कनेक्टेड’, ‘डिसकनेक्टेड’ किंवा ‘अननोन’ यांपैकी एक येतं. त्याच फोल्डरमध्ये ईडीआयडी नावाची फाइल आहे. स्क्रीन कोणत्या कंपनीचा, कोणती रिझोल्यूशन झेपतात, हे सांगणारा हा १२८ बाइटचा मजकूर मॉनिटर स्वतः पाठवतो. एचडीएमआयवर तो बहुधा २५६ बाइटचा असतो. एलएस ने ही फाइल कायम शून्य आकाराची दिसते, त्यावर विश्वास ठेवू नका. मोजायचं असं:

कॅट /सिस/क्लास/डीआरएम/कार्ड०-व्हीजीए-१/ईडीआयडी | डब्ल्यूसी -सी

या दोन उत्तरांवरून पुढची वाट ठरते. कनेक्टेड आणि १२८ किंवा २५६ आलं, तर केबल ठीक आहे. दोष डेस्कटॉपच्या सेटिंगमध्ये किंवा रिझोल्यूशनमध्ये. कनेक्टेड पण आकडा ०, तर चित्राच्या तारा जुळल्यात, ओळखीच्या नाहीत. डिसकनेक्टेड, तर केबल, पोर्ट किंवा कन्व्हर्टर. आणि मशीनवर व्हीजीए पोर्ट डोळ्यांना दिसतोय पण त्या नावाचा फोल्डरच नाही, किंवा डीआरएममध्ये काहीच नाही, तर ग्राफिक्स ड्रायव्हर चढलेला नाही. ही शेवटची गोष्ट सर्वांत सोपी, म्हणून आधी तीच उरकू.

नोमोडसेट

जुन्या मशीनवर लिनक्स टाकताना इन्स्टॉलर काळा पडला की ‘कॉम्पॅटिबिलिटी मोड’ किंवा ‘सेफ ग्राफिक्स’ निवडून पुढे जातात. त्या पर्यायाने बूटच्या ओळीत नोमोडसेट हा शब्द घातला जातो, आणि कधीकधी तो इन्स्टॉल झालेल्या सिस्टिममध्येही राहतो. त्यामुळे इंटेल, रेडिऑन, नूव्हो (एनव्हिडिया कार्डांचा) यांपैकी कोणताच कर्नल ड्रायव्हर पोर्टचा ताबा घेत नाही. ओळखायची नेहमीची खूण अशी: एक्सरँडआर चालवल्यावर ‘फेल्ड टु गेट साइझ ऑफ गॅमा फॉर आउटपुट डिफॉल्ट’ अशी ओळ येते आणि खाली ‘डिफॉल्ट’ नावाचा एकच स्क्रीन दिसतो.

/ईटीसी/डिफॉल्ट/ग्रब ही फाइल सुडो नॅनो ने (प्रशासकाच्या हक्काने, साध्या एडिटरमध्ये) उघडा, ग्रब_सीएमडीलाइन_लिनक्स_डिफॉल्ट या ओळीतला नोमोडसेट खोडा, सुडो अपडेट-ग्रब चालवा, रीबूट करा. रीबूटनंतर स्क्रीन काळाच राहिला तर घाबरू नका. ग्रबच्या, म्हणजे बूटच्या वेळी दिसणाऱ्या, यादीत ई दाबून लिनक्सने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी तो शब्द त्या वेळेपुरता परत घालता येतो. काळा पडण्याचं कारण रेडिऑन कार्डवर बऱ्याचदा फर्मवेअर (कार्डात भरायचा छोटा प्रोग्राम) नसणं हे असतं. डेबियनवर फर्मवेअर-एएमडी-ग्राफिक्स हे पॅकेज टाका. डेबियन १२ पासून इन्स्टॉलर असं फर्मवेअर सोबत आणतो. त्याआधी ते वेगळं मिळवावं लागे.

केबल आणि खारी हवा

आता जिथे खरा वेळ जातो तिथे येऊ. व्हीजीएच्या प्लगमध्ये १५ जागा असतात. १, २, ३ या पिना लाल, हिरव्या, निळ्या रंगाच्या. १३ आणि १४ वरून आडवा-उभा ताल (सिंक) जातो. १२ आणि १५ वरून ईडीआयडी येतो, आणि मॉनिटरमधल्या ईडीआयडीच्या बारक्या चिपला ९ नंबरवरून कॉम्प्युटरकडून ५ व्होल्ट मिळतात.

मालवण, वेंगुर्ले, गुहागर, हर्णै अशा समुद्राला लागून असलेल्या जागी उघडा राहिलेला पोर्ट एकदोन पावसाळ्यांत हिरवट होतो. मीठ हवेतली ओल धरून ठेवतं आणि मुलामा उडालेल्या ठिकाणी तांब्यावर गंज चढतो. गंज सगळ्या पिनांना सारखा लागत नाही, म्हणून लक्षणं विचित्र दिसतात. लाल पिन गेली तर पांढरा पडदा निळसर-हिरवा दिसतो, हिरवी गेली तर गुलाबी-जांभळा, निळी गेली तर पिवळा. १३ किंवा १४ गेली तर मॉनिटर सरळ झोपतो. आणि १२ किंवा १५ गेली तर चित्र ठणठणीत असूनही लिनक्सला समोर कोण आहे हे कळत नाही. मग १०२४×७६८ आणि त्याखालचीच रिझोल्यूशन यादीत येतात, कारण ईडीआयडी नसेल तर कर्नल त्याच्यावर जात नाही.

इथे एक गैरसमज नेहमीचा. प्लगमध्ये ९ नंबरची पिन नाही हे पाहून लोक केबल फेकून देतात. कितीतरी केबलींत ती पिन कारखान्यातूनच नसते. मॉनिटरला स्वतःची वीज असेल तर तिच्याशिवाय ईडीआयडी वाचता येतो, फक्त मॉनिटर आधी चालू असावा लागतो. म्हणून जुन्या जोडणीत क्रम पाळा: आधी मॉनिटर किंवा प्रोजेक्टर, तो पूर्ण उजळल्यावर लॅपटॉप. १२ किंवा १५ ची जागा रिकामी असेल तर मात्र ती केबल ओळख पोचवणारच नाही. स्वस्त लांब केबलींत या तारा गाळलेल्या असतात. घेताना केबलवर ३+४ किंवा ३+६ छापलेलं बघा. ३+२ घेऊ नका, त्यात रंगाच्या तीन आणि तालाच्या दोनच तारा असतात.

साफ करायचं तर दोन्ही टोकांची वीज काढा, लॅपटॉपची बॅटरी निघत असेल तर तीही. मोबाईल दुरुस्तीवाल्यांकडे मिळणारं ९९ टक्क्यांचं आयपीए, म्हणजे आयसोप्रोपिल अल्कोहोल, मऊ ब्रशवर घ्या आणि पोर्टची भोकं व प्लगच्या पिना घासा. दहा मिनिटं वाळू द्या. प्लग तीनचार वेळा घालून काढा, त्यानेही गंजाचा थर खरवडला जातो. पॉलिश पेपर लावू नका. उरलासुरला मुलामा जातो आणि पुढच्या पावसाळ्यात पिन आणखी लवकर गंजते. खोबरेल तेल तर नकोच, त्यावर धूळ बसते. सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे वापरात नसलेल्या पोर्टवर प्लॅस्टिकची टोपी आणि केबल सिलिका जेलच्या पुड्यांसह झिपच्या पिशवीत. प्रोजेक्टर जुलै-ऑगस्टमध्ये कोंदट खोलीतून काढला असेल तर लगेच लावू नका, तासभर पंख्याखाली ठेवा.

वाकलेली पिन घड्याळजीच्या चिमट्याने हळू सरळ होते. तुटलेली पिन असलेली केबल दुरुस्त करत बसू नका, नवी घ्या. महाग पडतो तो गंजलेला लॅपटॉपचा पोर्ट, आणि तो बदलण्याआधी तीच केबल दुसऱ्या मशीनवर लावून बघा.

चित्र आहे, पण ताणलेलं

साडेअठरा इंची १३६६×७६८ चे मॉनिटर दुकानांत, सायबर कॅफेंत, घराघरांत आहेत. ईडीआयडी न आल्यामुळे त्यांवर १०२४×७६८ येतं आणि माणसं बुटकी, जाडी दिसतात. केबल बदलता येत नसेल तर मोड, म्हणजे रिझोल्यूशन आणि त्याच्या वेळेचे आकडे, हाताने घालायचा. बहुतेक ठिकाणी सीव्हीटी १३६६ ७६८ चालवायला सांगतात. सीव्हीटी ही मोडचे आकडे काढून देणारी कमांड. ती रुंदीला ८ ने भाग जाईल असा आकडा धरते, म्हणून ती १३६८ देते आणि काही मॉनिटरवर कडेला दोन ठिपक्यांची धूसर पट्टी राहते. त्याऐवजी मॉनिटरचा प्रमाणित मोडच द्या:

एक्सरँडआर --न्यूमोड एचडी६० ८५.५० १३६६ १४३६ १५७९ १७९२ ७६८ ७७१ ७७४ ७९८ +एचसिंक +व्हीसिंक

एक्सरँडआर --ॲडमोड व्हीजीए-१ एचडी६०

एक्सरँडआर --आउटपुट व्हीजीए-१ --मोड एचडी६०

पहिला आकडा मेगाहर्ट्झमधला पिक्सेल क्लॉक, म्हणजे ठिपके पाठवण्याचा वेग. पुढचे चार आडवे, त्यापुढचे चार उभे. एचडी६० हे नाव आपण दिलेलं, काहीही चालेल.

१९२०×१०८० साठी साधं सीव्हीटी १७३ मेगाहर्ट्झचा क्लॉक देतं. जुन्या व्हीजीए जोडणीवर तो पेलला नाही तर अक्षरांच्या मागे सावली दिसते किंवा मॉनिटर ‘आउट ऑफ रेंज’ म्हणतो. अशा वेळी कमी ब्लँकिंगचा (ओळींमधल्या रिकाम्या वेळेचा) मोड घ्या, त्यात क्लॉक १३८.५० वर येतो. न्यूमोडमध्ये नावापुढे हे आकडे द्या:

१३८.५० १९२० १९६८ २००० २०८० १०८० १०८३ १०८८ ११११ +एचसिंक -व्हीसिंक

नवा मोड आजमावताना स्क्रीन काळा पडून अडकू नये म्हणून एकाच ओळीत परतीची सोय करा: मोडची कमांड, अर्धविराम, स्लीप १५, अर्धविराम, आणि एक्सरँडआर --आउटपुट व्हीजीए-१ --ऑटो. पंधरा सेकंदांत जुनी अवस्था परत येते. चित्र बरोबर आलं पण डावीउजवीकडे सरकलेलं किंवा अक्षरं थरथरणारी असतील, तर तो लिनक्सचा प्रश्न नाही. मॉनिटरवरचं ऑटो बटण दाबा, आणि दाबताना पडद्यावर भरगच्च मजकुराचं पान उघडं असू द्या. रिकाम्या काळ्या पडद्यावर ऑटो दाबलं तर मॉनिटरला कडा सापडत नाहीत.

कायमचं कसं करायचं

वरच्या कमांड रीबूटनंतर विसरल्या जातात. होम फोल्डरमध्ये .एक्सप्रोफाइल नावाची फाइल करून त्यात तिन्ही ओळी टाकल्या की मिंट, झुबंटूवर लाइटडीएम (लॉगिनचं पान दाखवणारा प्रोग्राम) लॉगिनच्या वेळी त्या चालवतो. पण एक्सएफसीई हा हलका डेस्कटॉप नंतर स्वतःची जतन केलेली सेटिंग लावतो आणि आपलं काम पुसतो. म्हणून एक्सएफसीईवर त्याच ओळींची स्क्रिप्ट करा, वर स्लीप ५ घाला, आणि ‘सेशन अँड स्टार्टअप’ मधल्या ऑटोस्टार्टच्या यादीत जोडा.

कर्नल स्क्रीनला डिसकनेक्टेडच म्हणत असेल तर आधी जबरदस्ती करून बघा:

एको ऑन | सुडो टी /सिस/क्लास/डीआरएम/कार्ड०-व्हीजीए-१/स्टेटस

(यातला टी म्हणजे टी-ई-ई.) याने चित्र आलं तर ग्रबच्या त्याच ओळीत व्हिडिओ=व्हीजीए-१:१०२४×७६८@६०ई घाला. शेवटचा ई म्हणजे ‘समजा जोडलेला आहे’. छताला टांगलेल्या प्रोजेक्टरसाठी हे उत्तम, कारण तो तिथून हलत नाही. फिरत्या लॅपटॉपवर मात्र हे करू नका. स्क्रीन नसतानाही लिनक्स तिकडे खिडक्या उघडेल आणि त्या शोधत बसाल.

नावांचा घोळ इथेच होतो. कर्नल ज्याला एचडीएमआय-ए-१ म्हणतो त्याला एक्सरँडआरमध्ये एचडीएमआय-१ म्हणतात. जुना इंटेल ड्रायव्हर असेल तर रेघ गाळून व्हीजीए१, आणि रेडिऑनवर मोजणी शून्यापासून, व्हीजीए-०. ग्रबच्या ओळीत नेहमी डीआरएम फोल्डरमधलंच नाव घाला. दुसरीकडून जशीच्या तशी उतरवलेली ओळ चालत नाही त्याचं कारण बहुधा एवढंच असतं.

शाळेच्या वर्गात प्रोजेक्टर लांब केबलवर असेल आणि केबल भिंतीत गेलेली असेल, तर आणखी नीट उपाय आहे. लॅपटॉप शिडीवरून आखूड चांगल्या केबलने एकदाच थेट प्रोजेक्टरला जोडा, ईडीआयडी फाइल कॉपी करून /लिब/फर्मवेअर/ईडीआयडी/ मध्ये प्रोजेक्टर.बिन या नावाने ठेवा, आणि ग्रबमध्ये डीआरएम.ईडीआयडी_फर्मवेअर=व्हीजीए-१:ईडीआयडी/प्रोजेक्टर.बिन असं लिहा. नंतर डीमेसेज, म्हणजे डी-एम-ई-एस-जी, मध्ये त्या फाइलबद्दल उणे २ ही चूक दिसली तर ड्रायव्हर फाइलच्या आधी जागा झाला असं समजा. तेव्हा ती फाइल इनिटरॅमएफएसमध्ये, म्हणजे बूटच्या अगदी सुरुवातीला वाचल्या जाणाऱ्या संचात, घालावी लागते: /ईटीसी/इनिटरॅमएफएस-टूल्स/हुक्स मध्ये फाइल कॉपी करणारी छोटी स्क्रिप्ट, तिला चालवण्याची परवानगी, आणि सुडो अपडेट-इनिटरॅमएफएस -यू.

दोन स्क्रीन शेजारी ठेवले आणि डेस्कटॉप कोलमडला

इंटेल ९४५ चिपसेटवरचे लॅपटॉप आणि नेटबुक अजून चालू आहेत. त्यांतल्या जीएमए ९५० या ग्राफिक्सची थ्रीडी यंत्रणा २०४८ ठिपक्यांपेक्षा रुंद किंवा उंच पृष्ठभाग हाताळत नाही. लॅपटॉप १२८० रुंद आणि शेजारी १०२४ चा प्रोजेक्टर मिळून २३०४ झाले. मग खिडक्या काळ्या पडतात, सावल्या तुटतात, सगळं मंदावतं. उपाय फुकट आहे: शेजारी न ठेवता वर ठेवा.

एक्सरँडआर --आउटपुट व्हीजीए-१ --मोड १०२४×७६८ --अबोव्ह एलव्हीडीएस-१

१२८०×८०० वर ७६८ चढले की रुंदी १२८० आणि उंची १५६८. दोन्ही मर्यादेत. माउस उजवीकडे न नेता वर न्यायचा एवढाच फरक. वर ठेवायचं नसेल तर एक्सएफसीईच्या ‘विंडो मॅनेजर ट्वीक्स’ मध्ये कंपोझिटिंग (खिडक्यांच्या सावल्या, पारदर्शकता) बंद करा.

सँडी ब्रिज या प्रोसेसरच्या पिढीपर्यंतच्या इंटेल ग्राफिक्सवर एका वेळी दोनच स्क्रीन चालतात, तीन त्यापुढच्या आयव्ही ब्रिज पिढीपासून. तिसरा चालू होत नाही म्हणून ड्रायव्हर बदलत बसू नका, लॅपटॉपचा स्वतःचा पॅनल बंद करा.

प्रोजेक्टरवर अर्धंच चित्र

लॅपटॉप १३६६×७६८ आणि प्रोजेक्टर १०२४×७६८ असताना दोन्हीकडे सारखं दाखवायला सांगितलं की प्रोजेक्टरवर डावीकडचा भागच येतो. दोन वाटा आहेत. एकतर दोन्ही १०२४×७६८ वर न्या. लॅपटॉपवर चित्र जरा ताणलं जाईल, भिंतीवर अक्षरं स्वच्छ राहतील. नाहीतर कमांडच्या शेवटी --सेम-ॲज एलव्हीडीएस-१ --स्केल-फ्रॉम १३६६×७६८ घाला. सगळं मावतं पण अक्षरं किंचित धूसर. वर्गात धडा किंवा सभेत आकड्यांचा तक्ता दाखवायचा असेल तर पहिली वाट धरा. मागच्या बाकावरच्याला वाचता येणं महत्त्वाचं.

एचडीएमआयची वेगळी दुखणी

एचडीएमआय डिजिटल, व्हीजीए ॲनालॉग. मधे चिप नसलेली, दोन टोकांची नुसती वायर काही दुकानांत मिळते. ती चालणं शक्यच नाही. चिप असलेला कन्व्हर्टर घ्या आणि दिशा बघा: लॅपटॉपवर एचडीएमआय व मॉनिटरवर व्हीजीए यासाठीचा कन्व्हर्टर उलटा चालत नाही. तो लॅपटॉपच्या एचडीएमआयमधून ५ व्होल्ट घेतो, आणि तिथून हमखास मिळण्याची अट फक्त ५५ मिलिॲम्पिअरची आहे. चित्र दर काही सेकंदांनी जात-येत असेल किंवा कन्व्हर्टर चटका लागण्याइतका तापत असेल तर बाजूला यूएसबीची वीज घेणारा कन्व्हर्टर आणा.

होमस्टेच्या टीव्हीवर चित्राच्या कडा कापल्या जात असतील तर तो टीव्हीचा ओव्हरस्कॅन. टीव्हीच्या मेनूत ‘जस्ट स्कॅन’, ‘स्क्रीन फिट’ किंवा १:१ शोधा. टीव्हीत तसं काही नसेल आणि कार्ड रेडिऑन असेल तर एक्सरँडआर --आउटपुट एचडीएमआय-० --सेट अंडरस्कॅन ऑन. काळा रंग राखाडी दिसत असेल तर इंटेलवर --सेट "ब्रॉडकास्ट आरजीबी" फुल, आणि त्याउलट अंधारातलं सगळं बुडत असेल तर "लिमिटेड १६:२३५". अगदी जुना टीव्ही चित्रच दाखवत नसेल तर --सेट ऑडिओ फोर्स-डीव्हीआय करून बघा. आवाज जाईल पण चित्र येईल. नेहमीच्या टीव्हीवर आवाज येत नसेल तर पाव्हूकंट्रोल या आवाजाच्या सेटिंगच्या प्रोग्राममध्ये कॉन्फिगरेशन पानावर एचडीएमआयचं प्रोफाइल निवडा, बस.

काही लॅपटॉपांत दोन ग्राफिक्स असतात आणि एचडीएमआयची तार एनव्हिडियाच्या चिपला जोडलेली असते. एक्सरँडआर --लिस्टप्रोव्हायडर्स मध्ये दोन नावं दिसली तर एक्सरँडआर --सेटप्रोव्हायडरआउटपुटसोर्स १ ० चालवा. हरवलेला पोर्ट यादीत येतो. जुन्या एनव्हिडिया कार्डांवर, म्हणजे ३४० मालिकेच्या ड्रायव्हरची जी होती त्यांवर, नूव्होच ठेवा. कंपनीने तो ड्रायव्हर केव्हाच सोडला आणि नव्या कर्नलवर तो ठिगळं लावल्याशिवाय बांधलाच जात नाही.

सरकणाऱ्या पट्ट्या आणि झिणझिण्या

व्हीजीएवर आडव्या फिकट पट्ट्या हळूहळू वरखाली सरकत असतील तर लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर चालवा. पट्ट्या गेल्या तर दोष अर्थिंगचा. जांभ्याच्या कातळावर अर्थिंगचा खड्डा उन्हाळ्यात कोरडा पडतो, आणि प्रोजेक्टर एका खोलीच्या सॉकेटवर व लॅपटॉप दुसऱ्या खोलीच्या सॉकेटवर असला की केबलच्या जाळीतून वीज वाहते. दोन्ही एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर घ्या. खड्ड्यात पाणी घाला, वायरमनकडून जोडणी तपासून घ्या. तीन पिनांच्या प्लगची अर्थिंगची पिन कापून पट्ट्या घालवण्याचा उपाय कुणी सुचवला तर ऐकू नका.

अर्थिंग नसलेल्या बोर्डावर चार्जरच्या आतल्या फिल्टरमुळे लॅपटॉपच्या धातूवर साधारण निम्मा दाब, म्हणजे ११५ व्होल्टच्या आसपास, चढलेला असतो. प्रवाह अगदी कमी, म्हणून हाताला फक्त झिणझिण्या. पण चालू अवस्थेत एचडीएमआय खुपसताना तोच पोर्टची चिप जाळतो. आधी सिग्नलची केबल, मग विजेचे प्लग, हा क्रम ठेवा. मे अखेरीला आणि ऑक्टोबरात परतीच्या पावसात गडगडाट सुरू झाला की विजेच्या प्लगसोबत एचडीएमआयही काढा. डिशच्या तारेतून आलेला झटका सेट टॉप बॉक्स, टीव्ही आणि एचडीएमआय या वाटेने लॅपटॉपपर्यंत पोचतो. अशा झटक्यानंतर चित्र येतं पण ईडीआयडी कायमचा रिकामा असतो, कारण मॉनिटरमधली ओळखीची बारकी चिपच जळलेली असते. डीमेसेजमध्ये ईडीआयडीची चेकसम (ताळ्याची बेरीज) चुकली किंवा सगळे शून्य आले असं लिहून येतं. तसं असेल आणि दुसऱ्या चांगल्या केबलवरही तेच असेल, तर वरचा हाताने मोड घालण्याचा उपाय हाच कायमचा.

केबल बरोबर, ईडीआयडी बरोबर, तरी नाही

मग डेस्कटॉपची आठवण तपासा. पूर्वी कधी त्याच पोर्टवर स्क्रीन ‘ऑफ’ केला असेल तर तो तसाच लक्षात राहतो. एक्सएफसीईत होमच्या .कॉन्फिग/एक्सएफसीई४/एक्सएफकॉन्फ/एक्सएफसीई-परचॅनल-एक्सएमएल मधली डिस्प्लेज.एक्सएमएल, गनोममध्ये .कॉन्फिग मधली मॉनिटर्स.एक्सएमएल, सिनॅमनमध्ये सिनॅमन-मॉनिटर्स.एक्सएमएल. लॉगआउट करून, कंट्रोल-ऑल्ट-एफ२ वर जाऊन, त्या फाइलचं नाव बदला आणि परत लॉगिन करा.

एक्सरँडआरच्या यादीत एक्सवेलँड०, म्हणजे इंग्रजी एक्सने सुरू होणारं वेलँड, असं नाव दिसलं तर तुम्ही वेलँडवर, म्हणजे पडद्यावर चित्र मांडणाऱ्या नव्या यंत्रणेवर, आहात आणि इथल्या न्यूमोड, ॲडमोड या कमांड तिथे काही करणार नाहीत. लॉगिनच्या पानावरच्या चक्रातून एक्सऑर्ग, म्हणजे जुनी यंत्रणा, निवडा. उबुंटू २५.१० पासून गनोमसोबत तो पर्यायच येत नाही. जुन्या मशीनला तसंही एक्सएफसीई किंवा माटे हलकं पडतं. ग्रबमधली व्हिडिओ= आणि ईडीआयडी_फर्मवेअर ही दोन्ही कर्नलची असल्याने वेलँडवरही चालतात.

झाकण बंद केल्यावर बाहेरचा स्क्रीन जात असेल तर /ईटीसी/सिस्टिमडी/लॉगइनडी.कॉन्फ मध्ये हँडललिडस्विच=इग्नोअर करा, आणि एक्सएफसीईच्या पॉवर मॅनेजरमध्येही झाकणासाठी ‘काही करू नको’ निवडा. एकाच ठिकाणी बदललं तर दुसरा झोपवतो.

काही चिपांशी मात्र झगडू नये. सिसच्या मिराज ३ सारख्या ग्राफिक्सला लिनक्समध्ये धड ड्रायव्हर नाही. वेसा या कामचलाऊ ड्रायव्हरवर एक स्क्रीन मिळतो, दुसरा नाही. ॲटम डी२५००, एन२६०० यांतल्या पॉवरव्हीआर ग्राफिक्सला जीएमए५०० ड्रायव्हर आहे, तो पोर्ट चालू करतो पण थ्रीडी वेग देत नाही. स्लाइड दाखवायला पुरे, व्हिडिओला नाही. डेस्कटॉप असेल आणि पीसीआय एक्स्प्रेस स्लॉट रिकामा असेल तर जुनं रेडिऑन एचडी ५४५० मिळवून बसवा, पंख्याशिवाय चालतं आणि त्याचा ड्रायव्हर कर्नलमध्येच आहे. बसवल्यावर केबल नव्या कार्डाच्या पोर्टला लावा, मदरबोर्डच्या नव्हे. कार्ड लागलं की बऱ्याच बोर्डांवर आतलं ग्राफिक्स आपोआप बंद होतं.